मुंबई ते कोलकाता विमानाने: अंतर एकच, मग जायला-यायला वेळ वेगळा का?

चरईकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लेक कोलकात्याला शिकते, बारानगरला, आणि सासऱ्यांना एकदा नातीची खोली बघून यायचीय. वय ७८, गुडघे कुरकुरतात, बाकी तब्येत ठणठणीत. विमानात कधी बसलेले नाहीत. मध्य रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे कुठेही जायचं म्हटलं की पहिला प्रश्न एकच, "किती किलोमीटर आणि रनिंग टाइम किती?" आणि मला उत्तरच देता येईना.

नेटवर शोधलं तर एका साइटवर अंतर १६६०, दुसरीवर १०३२, तिसरीवर ८९६. वेळ कुठे २ तास ३४ मिनिटं, कुठे दोन तास. तिकीट बघायला गेले तर जाताना २ तास ४५ आणि येताना ३ तास ५, म्हणजे रस्ता तोच, विमान त्याच जातीचं आणि येताना वीस मिनिटं जास्त! बाबांना सांगितलं तर म्हणाले, "घाट चढायचा असेल तर समजू शकतो, हवेत कसला घाट?" नीट उत्तर मिळाल्याशिवाय ते तिकीट काढू देणार नाहीत असं दिसतंय. जाणकारांनी सांगा प्लीज. जानेवारीत जायचंय.

घोडबंदरचा_पक्या | रात्री ९:५८

सोप्पंय. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, त्यामुळे काहीतरी फरक पडतो. शाळेत असंच शिकलोय.

हवामानवेडी | रात्री १०:११

पक्या, हे पुष्कळांना वाटतं पण कारण ते नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेतलं विमानही. आणि तसं असतं तर पूर्वेकडे जाताना कोलकाता पुढे पुढे पळालं असतं आणि जायलाच जास्त वेळ लागला असता. इथे तर उलट होतंय.

खरं कारण वारं. सविस्तर उद्या लिहिते, आत्ता पोराचा गृहपाठ चाललाय.

निवृत्त_टॉवर | रात्री ११:०५

चरईकर ताई, मी हवाई वाहतूक नियंत्रणात नोकरी केली, आता ऐरोलीला असतो. तुमच्या सासऱ्यांसारख्या माणसाला हे समजावणं मला फार आवडेल कारण त्यांना अर्ध्याहून जास्त गोष्टी आधीच माहीत आहेत, फक्त नावं वेगळी.

आधी अंतर. तीनही आकडे बरोबर आहेत, एकक वेगळं आहे एवढंच. १६६० किलोमीटर, तेच १०३२ मैल, आणि तेच ८९६ नॉटिकल मैल. आम्ही लोक नॉटिकल मैलातच बोलतो, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. साइटवाले एकक बारीक अक्षरात टाकतात नाहीतर टाकतच नाहीत. आणि हे १६६० म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन विमानतळांमध्ये दोरा ताणून धरला तर जेवढा भरेल तेवढं. रेल्वेने हेच अंतर नागपूरमार्गे १९६८ किमी आहे, बाबांना तो आकडा बहुतेक पाठ असेल. गंमत म्हणजे हा दोरासुद्धा छत्रपती संभाजीनगर, नागपूर, रायपूर यांच्या जवळूनच जातो, म्हणजे बरंचसं गीतांजली एक्सप्रेसच्या रुळांच्या आसपास.

ते २ तास ३४ मिनिटं कुठून आलं तेही सांगतो. बऱ्याच साइट ताशी ८०० ने अंतर भागतात आणि वर अर्धा तास चढा-उतरायचा म्हणून मिळवतात. करून बघा, २ तास ४ अधिक ३०. त्यात ना वारा आहे ना मुंबई. हिशोब चूक नाही, पण त्या आकड्यावर विसंबून कुणाला आणायला निघू नका.

आता वेळ. तिकिटावरचा वेळ उडाल्यापासून उतरेपर्यंतचा नसतो. गेटवर विमानाच्या चाकाखालचे चॉक, म्हणजे अडकणं, काढले की घड्याळ सुरू, पलीकडच्या गेटवर चॉक लावले की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात मागे ढकलणं आलं, धावपट्टीपर्यंत जमिनीवरून चाकांवर जाणं (टॅक्सी) आलं, रांगेत थांबणं आलं. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात म्हणून एका वेळी एकच चालते, आणि तीवर दिवसाला नऊशेच्या वर विमानांची ये-जा. रांग लागणारच. शिवाय वर्षातले बरेच दिवस विमानं पश्चिमेकडे तोंड करून उडतात. तुम्हाला जायचंय पूर्वेला, पण विमान आधी समुद्रावर जाणार, चढणार आणि मग वळून परत मुंबईच्या अंगावरून नाशिक बाजूला निघणार.

बाबांना म्हणावं वर्किंग टाइमटेबलात रनिंग टाइमच्या वर इंजिनिअरिंग अलाउन्स, ट्रॅफिक अलाउन्स (रुळांच्या कामासाठी आणि गर्दीसाठी जादा मिनिटं) टाकतात ना, अगदी तसंच कंपन्या इथे टाकतात.

बेलापूरकर | मंगळवार, सकाळी ७:२०

अलाउन्स कसला, सरळ फसवणूक आहे ही. दोन तासांचं उड्डाण असताना पावणेतीन तास लिहायचे आणि मग दहा मिनिटं आधी उतरवून वर टाळ्या घ्यायच्या. वेळेवर असल्याचे आकडे चांगले दिसावेत म्हणून सगळं.

निवृत्त_टॉवर | सकाळी ८:०२

बेलापूरकर, तुमचा राग थोडा बरोबर आहे. ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर ते वेळेवर धरतात, आणि तो आकडा चांगला यावा म्हणून काही मिनिटं हात राखून लिहितात हे खरंय. पण सगळाच फुगवटा नाही. मी ज्या खुर्चीत बसायचो तिथून संध्याकाळी सात ते दहा मुंबईकडे येणारी विमानं बघितली असती तर तुम्हीच म्हणाला असता की अजून दहा मिनिटं लिहा. एकामागे एक लावायची, मध्ये ठरलेलं अंतर ठेवायचं, आणि जागा नसेल तर होल्डिंगला टाकायची. होल्डिंग म्हणजे लंबगोल फेऱ्या, साधारण चार मिनिटांची एक फेरी. प्रवाशांना वाटतं विमानात काहीतरी बिघडलंय. काही बिघडलेलं नसतं, होम सिग्नल, म्हणजे स्टेशनात शिरायचा सिग्नल, मिळालेला नसतो इतकंच.

चरईकर | सकाळी ८:३०

बाबांना वाचून दाखवलं. "होम सिग्नल" म्हटल्यावर उठून बसले. १९६८ खरंच पाठ आहे त्यांना. आता विचारतायत की अलाउन्स दोन्ही बाजूंना सारखाच असणार, मग वीस मिनिटांचा फरक कुठून आला?

हवामानवेडी | दुपारी २:१५

आले. चरईकर, हा प्रश्न फार नेमका आहे, आणि उत्तर देताना मला भूगोलाच्या तासाला बसल्यासारखं वाटतंय. माझा आवडता विषय आहे हा.

हिवाळ्यात उत्तर भारतावर, साधारण बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा असतो. जेट स्ट्रीम. त्याचा गाभा दिल्लीच्या आसपासच्या अक्षांशावर, पण कड खाली मुंबई-कोलकाता मार्गापर्यंत येते. आपली विमानं दहा-अकरा किलोमीटरवरून जातात, म्हणजे त्या वाऱ्यातूनच. जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर.

आता साधं गणित करू. विमानाचा हवेतला वेग ताशी ८३० धरा, अंतर १६६०. वारा शून्य असेल तर बरोब्बर दोन तास. वारा ताशी १०० पाठीशी असेल तर जमिनीवरून बघणाऱ्याला वेग ९३०, वेळ १ तास ४७ मिनिटं. तोच वारा तोंडावर आला की वेग ७३०, वेळ २ तास १६. एकोणतीस मिनिटांचा फरक झाला की नाही? बाबांचा घाट हाच. दिसत नाही पण चढावा लागतो. (हे सरळ रेषेचं गणित आहे, चढताना-उतरताना वेग कमी असतो आणि मार्ग थोडा वाकडा, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्हीकडे दहा-वीस मिनिटं वाढवा.)

अजून एक मजा बघा, जाताना १३ मिनिटं वाचली पण येताना १६ गेली. वाऱ्याने दिलं त्यापेक्षा जास्त घेतलं. कारण उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वहीत तीनदा करून बघितलं होतं.

आणि जे बहुतेकांना माहीत नसतं ते आता. पावसाळ्यात हे सगळं उलटतं. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट तयार होतो, तिबेटचं पठार तापतं त्याचा त्यात मोठा हात आहे. आपल्या हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात त्यावर काम केलं, जगभरच्या पुस्तकांत तो आहे. त्याचा गाभा विमानांच्या वर आणि बराच दक्षिणेला असतो, तरी आपल्या मार्गावरही ऐन पावसाळ्यात वारा पूर्वेचा होतो. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये कोलकात्याला जाताना वारा समोरून आणि येताना पाठीमागून. हिवाळ्याइतका जोर नसतो पण दिशा बदललेली असते.

घोडबंदरचा_पक्या | दुपारी २:४०

हे भारी आहे. पृथ्वी फिरण्याचं मी मागे घेतो. इतकी वर्षं ऑफिसात सगळ्यांना तेच सांगत होतो.

हवामानवेडी | दुपारी २:५२

पृथ्वी फिरते म्हणूनच हे वारे असे पूर्व-पश्चिम वळतात, त्यामुळे तू अगदीच चुकला नव्हतास पक्या. विमान मात्र वाऱ्यामुळे मागेपुढे होतं.

दमदमचा_मराठी | दुपारी ४:३०

कोलकात्यात अकरा वर्षं आहे, मूळचा कळव्याचा. वाऱ्याचं माहीत नव्हतं, वाचून छान वाटलं. माझ्याकडून दोन कामाच्या गोष्टी. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे धुकं पडतं, त्यामुळे सहा-सातला पोचणारं विमान घेऊ नका. नऊच्या सुमाराला पोचणारं बरं. दुसरं म्हणजे इथे हिवाळ्यात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, घड्याळ एकच असलं तरी कोलकाता मुंबईच्या साडेपंधरा अंश पूर्वेला आहे, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने एक तास दोन मिनिटं पुढे. पूर्वी तर दोन्ही शहरांची घड्याळंसुद्धा वेगळी होती, कलकत्ता टाइम १९४८ पर्यंत चालला आणि बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत. वयस्कर माणसाला संध्याकाळी कुठे न्यायचं असेल तर साडेतीनलाच निघा.

विमानतळावरून बारानगर आठ-दहा किलोमीटर आहे, जवळ आहे, त्याची काळजी नको.

उलव्याचा_शेजारी | दुपारी ५:१०

सगळे आकाशातच रमलेत, ताईंनी ठाण्याच्या चरईतून विमानतळ गाठायचं कसं ते कुणी बोलत नाही. खरा वेळ तिथे जातो हो. आता आपल्याला दोन विमानतळ आहेत, नवी मुंबईचा २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय, त्यामुळे तिकिटावर बीओएम (मुंबई) लिहिलंय की एनएमआय (नवी मुंबई) ते आधी डोळे फाडून बघा. दोन्हींत सरळ रेषेत २४-२५ किमी अंतर आहे. नवी मुंबईहून कोलकाता साधारण वीस किलोमीटर जवळ पडतं, म्हणजे हवेत दीड मिनिट! पण चुकीच्या विमानतळावर गेलात तर रस्त्यात दीड तास गेला समजा.

आणि मुंबईत टर्मिनल एक आणि दोन वेगळ्या ठिकाणी आहेत, एक सांताक्रूझ-पार्ले बाजूला, दुसरं सहारला. मागच्या वर्षी माझ्या मामा-मामींना टॅक्सीवाल्याने चुकीच्या टर्मिनलला सोडलं, पेट्या घेऊन परत गाडी शोधेपर्यंत चेक-इन बंद. मामी बाकावर बसून रडत होत्या, भाचीचं लग्न होतं. तेव्हापासून मी घरातल्या प्रत्येकाचं तिकीट स्वतः बघतो, टर्मिनलच्या आकड्याला पेनने गोल करतो आणि मगच बॅगेत ठेवू देतो.

निवृत्त_टॉवर | दुपारी ५:३५

पूर्ण अनुमोदन. ताई, बाबांना आकडा द्यायचा तर घरच्या दारापासून लेकीच्या दारापर्यंतचा द्या. पहाटेचं विमान असेल तर चरईहून गाडीने पाऊण तास, दोन तास आधी पोचायचं, पावणेतीन तास ब्लॉक, मग व्हीलचेअरने बाहेर येईपर्यंत अर्धा-पाऊण तास, पुढे बारानगर पाऊण तास. सात तास धरा. संध्याकाळी ठाण्याहून निघायचं असेल तर पूर्व द्रुतगती मार्ग आणि पवईचा रस्ता मिळून त्यात तासभर आणखी घाला.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, तिथे जाऊन मागू नका. आणि खिडकीची जागा डावीकडची घ्या, ए. येताना उपयोग होईल, कशाला ते तिथेच कळेल बाबांना.

चरईकर | रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. सात तास म्हटल्यावर बाबा म्हणाले, "गीतांजलीला तीस तासांच्या वर लागायचे. काढ तिकीट." जाताना सकाळी ६:१० चं, पोचायला ८:५५. येताना ४:३० चं, ७:३५ ला मुंबई. येताना डावी खिडकी. टर्मिनलला पेनने गोल केलाय.

चरईकर | (पाच आठवड्यांनी) रविवार, सकाळी ११:१५

मंडळी, जाऊन आलो! तुम्ही इतकं समजावलंत, म्हणून हिशोब द्यायला आलेय. बाबांनी सगळं डायरीत लिहिलंय. छोटी निळ्या पुठ्ठ्याची खिशातली डायरी, नोकरीत असताना जशी नोंद ठेवायचे तशीच, डावीकडे ठिकाण, उजवीकडे वेळ, मध्ये पट्टीने ओढलेली रेघ. आदल्या रात्री एचएमटीच्या घड्याळाला चावी दिली आणि रेडिओवरच्या बातम्यांना काटे जुळवून घेतले. विमानात बसल्यावर पट्टा लावून झाला की एका हातात पेन्सिल आणि दुसरा मनगटावर, हवाई सुंदरीने चहा विचारला तर "थांबा, चाकं उचलू देत" म्हणाले.

डायरीत आहे तसंच उतरवते.

जाताना: हललं ६:१२. उडालं ६:३१. सूर्य दिसला ६:५४. टेकलं ८:३७. थांबलं ८:४५. हवेत २ तास ६ मिनिटं. दहा मिनिटं बिफोर टाइम.

त्या ६:५४ च्या खाली दोन रेघा मारल्यात त्यांनी. मुंबईत त्या दिवशी सूर्योदय सव्वासातला होता. आम्ही सूर्याला सामोरे गेलो ना, आणि उंचावरही होतो. बाबांनी हात जोडले आणि मग लगेच वेळ लिहिली.

येताना: हललं ४:३८. उडालं ४:५४. पंखावरचं ऊन गेलं ५:४६. फेऱ्या दोन, ८ मिनिटं. टेकलं ७:३९. थांबलं ७:५१. हवेत २ तास ४५ मिनिटं.

म्हणजे हवेतला फरक ३९ मिनिटं, त्यातल्या आठ फेऱ्यांच्या वजा केल्या की ३१. हवामानवेडी, तुम्ही २९ सांगितले होते! घरी आल्यावर तुमचं गणित बाबांनी स्वतः मांडलं आणि माझ्या नवऱ्याला शिकवलं.

त्या ऊन जाण्याबद्दल सांगायला हवं. कोलकात्यातून निघालो तेव्हा खाली संध्याकाळ झालेली, लेकीला गेटवर सोडून आलो होतो आणि मला काही बोलावंसं वाटत नव्हतं. पण विमान पश्चिमेला चाललेलं, त्यामुळे सूर्य काही मावळेचना, आमच्या पुढे पुढे कुठेतरी नाकाच्या बाजूला राहिला आणि पंखाच्या टोकावर ते तांबडं ऊन पाऊण तासाच्या वर तसंच होतं. खाली सगळं काळं आणि पंख तेवढा तांब्याच्या भांड्यासारखा. बाबा त्याच्याकडे एकटक बघत होते. "तिच्याकडे अंधार पडला असेल आता," एवढंच म्हणाले.

आणि निवृत्त टॉवर काका, डावी खिडकी का सांगितलीत ते कळलं. दोन फेऱ्या झाल्यावर मी घाबरले होते, बाबा मात्र "होम सिग्नल नाही" म्हणून शांत बसलेले. मग खाली आलो आणि एकदम वाशीच्या खाडीपुलावरच्या दिव्यांची रांग दिसली, तिच्या पलीकडे चेंबूरचे दिवे, मधे खाडीचा काळा पट्टा. त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि कुठला दिवा कुठल्या स्टेशनचा ते मला सांगत गेले, मानखुर्द, गोवंडी... इतक्या वर्षांत ही लाइन त्यांनी वरून कधी बघितली नव्हती.

घरापासून तिच्या दारापर्यंत सहा तास पन्नास मिनिटं लागली. सातच्या आत.

निवृत्त_टॉवर | सकाळी ११:५०

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. नोकरीभर फेऱ्या मारायला लावल्या लोकांना, खिडकीतल्या माणसाने असं लिहून ठेवलेलं पहिल्यांदाच वाचलं. डायरीच्या पानाचा फोटो टाकाल का?

दमदमचा_मराठी | दुपारी १२:३०

वाचताना गलबलून आलं. लेकीला काही लागलं तर हक्काने कळवा, दहा मिनिटांवर आहे.

चरईकर | दुपारी १:०५

काका, फोटो संध्याकाळी टाकते, डायरी आत्ता बाबांकडे आहे आणि ते ऑगस्टमधल्या विमानांच्या वेळा बघतायत. पावसाळ्यात वारं खरंच पूर्वेचं होतं का ते त्यांना स्वतः तपासायचंय. पुढच्या कोऱ्या पानावर रेघ मारून ठेवलीय.

हवामानवेडी | दुपारी १:१२

ऑगस्टचा पहिला पंधरवडा घ्या म्हणावं. आणि येतानाची वेळ मला सगळ्यात आधी कळवा.